पिल्लाची किंमत कशाने ठरते? नागपुरात ब्रीडरकडे जाण्याआधी हे वाचा

"ताई, लॅबचं पिल्लू घ्यायचंय. वाडीतला एक जण बारा हजार म्हणतो, बेसाकडचा एक पस्तीस. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. मग पस्तीस का म्हणून द्यायचे?"

शाळांना दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या, की मला असे फोन येऊ लागतात. मी ब्रीडर नाही. हुडकेश्वरच्या पुढे राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका लॅब्राडोर पाळतात आणि दोन-तीन वर्षांतून एखादं वेत काढतात. त्यांच्याकडे मी बरीच वर्षं हाताखाली काम करते. त्याआधी मीही बारा हजारवालीच होते. शहरातल्या एका विक्रेत्याकडून "४५ दिवसांचं, एक इंजेक्शन झालेलं" पिल्लू आणलं होतं. चौथ्या दिवशी उलट्या, पाचव्या दिवशी रक्ताचे जुलाब. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा विषाणू. सहा दिवस सलाईन चाललं आणि सातव्या दिवशी पहाटे ते गेलं. दवाखान्याचं बिल पिल्लाच्या किमतीपेक्षा जास्त झालं होतं. तेव्हा मला एकच प्रश्न विचारता आला होता, "लास्ट किती?" बाकी काय विचारायचं हे माहीतच नव्हतं. ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी आईबद्दल विचारा, किंमत नंतर

पिल्लाच्या किमतीतला मोठा भाग ते जन्मायच्या आधीच खर्च झालेला असतो, म्हणून पहिल्या फोनवर "किती?" न विचारता हे विचारा: आई किती वर्षांची आहे, हे तिचं कितवं वेत, मागचं कधी झालं होतं, तिच्या खुब्याचा एक्स-रे काढला आहे का, आणि मी आल्यावर ती बघायला मिळेल का.

चांगला ब्रीडर या प्रश्नांनी खूश होतो आणि उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो. घरी दिवसभर कोण असतं, वरच्या मजल्यावर राहता का, उन्हाळ्यात कुत्रा कुठे ठेवणार, याआधी पाळलेल्याचं काय झालं? याचा राग मानू नका. जो फक्त "गाडी पाठवू का?" म्हणतो, त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा.

वयाबद्दल कायदाच आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादी १८ महिन्यांची होण्याआधी तिच्याकडून वेत घेता येत नाही, आठ वर्षांनंतरही नाही, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत विकताही येत नाही. म्हणजे "४५ दिवसांचं पिल्लू" ही जी आपल्याकडे सर्रास बोलली जाणारी गोष्ट आहे, ती मुळातच नियमाबाहेरची. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका.

आता खर्चाकडे. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. स्वस्तात विकणारा दर माजाला वेत काढतो. काका एखादं वेत झालं की पुढचे माज सोडून देतात, आणि मे-जूनमध्ये पिल्लं येणार असतील तर तोही माज सोडतात. नवतपात, पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांत, बाळंतीण कुत्री आणि डोळे न उघडलेली पिल्लं सांभाळणं म्हणजे काय हे एकदा अनुभवलं, की परत तो विचार मनात येत नाही. पण मादी वर्षाचे ३६५ दिवस खाते. लस, गोचिडांचं औषध, रक्ततपासण्या सगळं चालू राहतं. दोन-अडीच वर्षांचा हा खर्च एका वेतातून निघायचा असतो.

तपासण्या: पैसे नक्की कशात जातात

लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर या जातींमध्ये खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष वंशातून येतो. पिल्लू तीन महिन्यांचं असताना काहीच कळत नाही. वर्षभरात ते मागचे पाय ओढायला लागतं, सशासारखं दोन्ही पाय एकदम टाकून पळतं, जिना चढताना थांबतं. म्हणून आई-बाबा दोघांचा खुब्याचा आणि कोपराचा एक्स-रे मेटिंगआधी काढायचा असतो. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर काढलेला एक्स-रे जास्त भरवशाचा, कारण तोवर हाडांची वाढ झालेली असते. कुत्र्याला बहुधा गुंगी देऊन, पाय सरळ ताणून तो काढावा लागतो, म्हणून साध्या एक्स-रेपेक्षा महाग पडतो.

लॅबमध्ये डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होणं आणि जोराच्या खेळानंतर मागचे पाय लटपटून कोसळणं, हे दोन आजारही वंशातून येतात. दोन्हींची डीएनए चाचणी होते. इथे एक गोष्ट समजून घ्या. दोष पिल्लात तेव्हाच उतरतो, जेव्हा तो आई आणि बाबा दोघांकडूनही मिळतो. एकाकडे तो लपलेला असेल आणि दुसरा पूर्ण निर्दोष असेल, तर एकही पिल्लू आंधळं होणार नाही. त्यामुळे "आई कॅरियर आहे, बाबा क्लिअर आहेत" असं स्वतःहून सांगणाऱ्या ब्रीडरला घाबरायचं कारण नाही. ज्याने तपासलंच नाही, त्याच्याकडे काय आहे हे त्यालाही माहीत नसतं.

बाकी जातींचं थोडक्यात: डोबरमन आणि बॉक्सरच्या हृदयाची तपासणी विचारा, डाल्मेशियनच्या ऐकण्याची, पगच्या श्वासाची. पगची आई समोर चार फेऱ्या चालवून बघा. एवढ्याने ती घरघरायला लागली तर पिल्लाचं नागपूरच्या उन्हाळ्यात काय होईल, याचा अंदाज तुम्हाला येईल.

नराचा खर्च वेगळा. घरचाच नर सोयीचा म्हणून दर वेळी वापरला, तर दोन-तीन पिढ्यांत नात्यातलं रक्त एकत्र येतं. चांगला ब्रीडर बाहेरचा नर शोधतो, त्याची स्टड फी, म्हणजे नराच्या मालकाला द्यायचे पैसे, भरतो आणि मादीला घेऊन हैदराबाद किंवा पुण्याला जातो. नेमका दिवस चुकू नये म्हणून प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची रक्ततपासणी दोन-तीनदा होते. ब्रुसेला या संसर्गामुळे गर्भ पडतात आणि तो माणसालाही होऊ शकतो, म्हणून त्याची तपासणी दोघांची. यानंतरही मादी गाभण राहीलच असं नाही. मागच्या खेपेला काका हैदराबादहून रिकाम्या हाताने परतले होते. तो खर्च कुठल्याच पिल्लावर पडला नाही, त्यांनी स्वतःच सोसला.

ती रात्र आणि पुढचे आठ आठवडे

गर्भारपण साधारण ६३ दिवसांचं. चौथ्या आठवड्यात सोनोग्राफी, आणि ५५ व्या दिवसानंतर एक्स-रे काढून पिल्लांची कवटी आणि कणे मोजतात. किती बाहेर यायची आहेत हे माहीत नसेल, तर एखादं आत अडकलंय हे कळणार कसं?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. आपल्याकडे त्या दिवसांत पारा कधीकधी दहाच्या खाली जातो. काकू सकाळ-संध्याकाळ मादीचा ताप मोजून वहीत लिहीत होत्या. त्या संध्याकाळी तो ३७ अंशांच्या खाली उतरला, म्हणजे चोवीस तासांच्या आत ती विणार. रात्री पावणेदोनला पहिलं पिल्लू आलं. तीन व्यवस्थित झाली. चौथं आलं ते पिशवीतच, आणि मादी थकून मान टाकून पडलेली. काकांनी बोटाने पिशवी फाडली, नाका-तोंडातलं पाणी रबरी पिचकारीने ओढलं आणि खरबरीत टॉवेलने पाठ चोळू लागले. मी घड्याळ बघत होते. पाऊण मिनिट, एक मिनिट. मग उंदरासारखा एक आवाज आला. काकू काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त वहीत वेळ लिहिली.

प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर स्टीलचा वाडगा, त्यात एकेक पिल्लू. "लाल ३९०, हिरवा ४१०, निळा ३८५, पिवळा ३२०." पिवळा म्हणजे ते चौथं. दुसऱ्या दिवशी त्याचं वजन ३०५ भरलं. मग दर दोन तासांनी उठून बाकीच्यांना बाजूला करायचं आणि पिवळ्याला मागच्या, जास्त दुधाच्या सडाला लावायचं. काका-काकूंनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. बाराव्या दिवशी पिवळ्याचं वजन दुप्पट झालं. ती वही आजही त्यांच्या कपाटात आहे आणि पिल्लू घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवतात.

पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात खोक्यात तीस अंशांच्या आसपास ऊब लागते. म्हणजे दिवा, हीटर, आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. आईचं खाणं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या जवळजवळ तिप्पट होतं. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध. चौथ्या आठवड्यापासून भिजवलेलं पपी फूड. तेव्हापासून आई त्यांची घाण साफ करणं सोडते आणि ते काम माणसावर येतं. दिवसातून आठ-दहा वेळा कागद बदलणं म्हणजे काय हे कुणाला जाहिरातीत दिसत नाही.

आणि मग ते ४५ दिवस की ५६ दिवस हा प्रश्न. हे अकरा दिवस सगळ्यात महाग असतात, कारण पिल्लं सगळ्यात जास्त खातात, सगळ्यात जास्त घाण करतात आणि झोपू देत नाहीत. म्हणूनच ती ४५ व्या दिवशी विकली जातात, त्याच्याही आधी विकली जातात. पण याच दिवसांत भावंडांना चावताना "इतकं जोरात नाही चावायचं" हे ती शिकतात, आई गुरगुरली की मागे हटायला शिकतात. काकू या दिवसांत त्यांना कुकरची शिट्टी, मिक्सर, मोटारसायकल, शेजारचे पोट्टे, सगळ्याची सवय लावतात. लवकर आणलेलं, हाताला लचके तोडणारं पिल्लू "रागीट निघालं" म्हणून सोडून दिलेलं मी पाहिलं आहे. त्यात त्याचा काही दोष नव्हता.

पिल्लांच्या संख्येचं गणित

हे समजलं की दोन चांगल्या ब्रीडरांच्या किमतीत फरक का असतो ते उलगडतं. आकडे फक्त समजण्यासाठी घेते. समजा, तपासण्या, नर, प्रवास, आईचं खाणं, सोनोग्राफी असा वेतावरचा ठरलेला खर्च ९०,००० रुपये. आणि लस, मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), खाणं असा प्रत्येक पिल्लामागे ६,०००.

आठ पिल्लं झाली तर ९०,००० भागिले आठ, अधिक ६,०००, म्हणजे एका पिल्लाला १७,२५०. तीनच झाली तर ३६,०००. त्यात सिझेरियन करावं लागलं आणि २५,००० वाढले, तर तीन पिल्लांसाठी प्रत्येकी ४४,३३३. ब्रीडरच्या मेहनतीचा यात एक रुपया धरलेला नाही.

लॅबला सहसा सात-आठ पिल्लं होतात. पग, शिह त्झू यांना चार-पाच, छोट्या जातींना त्याहून कमी. बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉगच्या पिल्लांचं डोकं मोठं आणि आईचं कटिहाड अरुंद, त्यामुळे सिझेरियन जवळजवळ ठरलेलंच. या जाती स्वस्तात मिळत असतील तर आईच्या बाबतीत काय वाचवलं असेल, हा प्रश्न मला आधी पडतो.

कागद वाचायला शिका

लसीचं कार्ड हातात घ्या. डॉक्टर लस देतात तेव्हा बाटलीवरचं स्टिकर काढून कार्डावर चिकटवतात. त्यावर कंपनी, बॅच नंबर, मुदत असते. शेजारी तारीख आणि डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. नुसतं पेनाने "व्हॅक्सिन १ झालं" लिहिलेलं असेल तर ते झालं नाही असंच धरा. मग तारखा जुळवा. जन्मतारखेपासून पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांत हवा. एका डोसाने काम भागत नाही, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला आड येते, आणि ती कधी संपेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस, आणि बारा आठवड्यांनंतर रेबीजची लस. माझ्या पहिल्या पिल्लाच्या कार्डावर स्टिकर नव्हतं. मी बघितलंच नव्हतं.

केनल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे केसीआयचे कागद. संस्थेचं मुख्यालय चेन्नईत आहे. या कागदावर पिल्लाचं घराणं आणि मायक्रोचिपचा १५ आकडी क्रमांक असतो. कोणत्याही डॉक्टरांकडे स्कॅनर असेल तर पिल्लाच्या मानेवर फिरवून तो क्रमांक कागदाशी ताडून घ्या. पण हेही लक्षात ठेवा की हा कागद वंश सांगतो, तब्येत सांगत नाही. "पेपरवाला" आहे म्हणून दहा हजार जास्त, आणि आई-बाबांचा एक्स-रे दाखवायला नाही, असं असेल तर ते दहा हजार कशाचे हे विचारा.

ज्यासाठी जास्त पैसे देऊ नका

"हेवी बोन", "डबल बोन", "पंच फेस", "टीकप साइझ". बाजारात हे शब्द ऐकून लोक पाकीट उघडतात. टीकप म्हणजे बहुतेक वेळा वेतातलं सगळ्यात अशक्त, किंवा वय वाढवून सांगितलेलं पिल्लू. पंच फेस जितका चपटा, तितका श्वास अवघड. दुर्मिळ रंगाचं तेच. ठिपकेदार मर्ल रंगाच्या दोन कुत्र्यांचं मेटिंग केलं, तर काही पिल्लं बहिरी किंवा आंधळी निघू शकतात. हे माहीत असूनही रंगासाठी तसं करणारा माणूस ब्रीडर म्हणवून घेण्याच्या लायकीचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

शोसाठी ठेवलेलं पिल्लू महाग असतं, आणि ते रास्त आहे. पण घरी पाळायचं असेल तर त्याच वेतातलं, एखादी खूण किंवा शेपटीची ठेवण शोमध्ये चालणार नाही असं पिल्लू मागा. आई तीच, तपासण्या त्याच, किंमत कमी. पैसे वाचवायची ही एकच सरळ वाट मला माहीत आहे.

घरी जाऊन बघा

वर्धा रोडच्या पेट्रोल पंपावर, बर्डीच्या चौकात किंवा बसस्टँडवर पिल्लू "डिलिव्हर" करतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. फोटो पाठवून "आधी अर्धे पैसे टाका, विमानाने येईल" म्हणणाऱ्याला तर एक रुपयाही नको.

दार उघडताच वास घ्या. थोडा येणारच, पण डोळे चुरचुरायला नकोत. आई दाखवा म्हणा. दूध पाजून ती वाळलेली असेल, केस गळलेले असतील, ते ठीक आहे. पण ती माणसाकडे यायला हवी. भिंतीला चिकटून थरथरत असेल तर तोच स्वभाव पिल्लांत येऊ शकतो. मग पिल्लू उचला: हिरड्या गुलाबी, डोळे-नाक कोरडे, पोट मऊ. ढेरीसारखं फुगलेलं पोट म्हणजे बहुधा जंत. कानात, पायांच्या बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. आपल्या भागात गोचिडांमुळे येणारा ताप फार आहे, आणि त्यात पांढऱ्या पडलेल्या हिरड्या उशिरा लक्षात येतात.

एका भेटीत पैसे देऊन पिल्लू उचलून आणू नका. एकदा जा, घरी या, रात्र जाऊ द्या. लहान मुलांना पहिल्या भेटीला नेलं तर ते जमत नाही, म्हणून दुसऱ्या भेटीला न्या.

घासाघीस करायची का?

"भाऊ, थोडं कमी-जास्त करा" म्हणायला हरकत नाही, पण त्यापेक्षा काय-काय मिळेल यावर बोला. हे लेखी घ्या: टोकन किती आणि कधी परत मिळेल, तीन दिवसांत तुमच्या डॉक्टरांनी पिल्लू आजारी सांगितलं तर काय, वंशातला दोष वर्षभरात दिसला तर काय, आणि तुम्हाला सांभाळणं जमलं नाही तर ब्रीडर पिल्लू परत घेईल का. शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. काका म्हणतात, "माझं कुत्रं रस्त्यावर नको." एकदा बदली झालेल्या कुटुंबाकडून चार वर्षांचा नर त्यांनी परत आणला, आजही तो त्यांच्याकडेच आहे.

ठरलेल्या तीन दिवसांत तपासणी नक्की करून घ्या. जवळचे डॉक्टर असतील तर उत्तम, नाहीतर सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

आणि घ्यायच्या आधी वर्षभराचा हिशेब कागदावर मांडा. खाणं, उरलेले डोस, जंताचं आणि गोचिडांचं औषध, नसबंदी, मार्च ते जून कूलरची वीज. पहिल्याच वर्षात हा खर्च पिल्लाच्या किमतीला गाठतो, म्हणून दहा हजार वाचवायला स्वस्तातलं पिल्लू घेऊन वाचत काही नाही. हस्की किंवा सेंट बर्नार्ड मनात असेल, तर नागपुरात ते आणू नका, कुठल्याही किमतीला. बजेट खरंच कमी असेल तर गल्लीतल्या एखाद्या देशी पिल्लाला घरी आणा. लसी, जंताचं औषध, नसबंदी एवढ्या पैशांत निभतं, आणि आपलं ऊन त्याला सोसतं.

आणायचा दिवस ठरला की सकाळी लवकर जा. खोक्यातलं, आईच्या वासाचं एक फडकं मागून घ्या, रात्री त्याच्याशेजारी ठेवायला. ब्रीडर जे खाऊ घालत होता तेच आठवडाभर चालू ठेवा. डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत जमिनीवर ठेवू नका, कडेवर घेऊन फिरवा. पिल्लू आमच्या काकांकडून घेतलं असेल, तर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन येईल, "शी कशी होतेय?" वजन करून ठेवा, त्या तेही विचारतात.